ओरखडा पडलेली बादली

घरी बीअर बनवणारे लोक एका ओरखड्यापायी चांगली धडधाकट बादली बाद करतात, हे ऐकून पहिल्यांदा कुणालाही नवल वाटेल. बादली गळत नसते, झाकण घट्ट बसत असतं, तोटीही ठीक असते. फक्त आतल्या बाजूला, तळाशी, नख फिरवलं तर जेमतेम अडकेल अशी एक रेघ उमटलेली असते. कधीतरी खरखरीत घासणीने घासली किंवा ढवळताना धातूचा डाव टेकला, त्याची ती खूण. एवढ्यासाठी नवं भांडं आणायचं?

हो, आणायचं. का, ते कळायला त्या रेघेत उतरावं लागतं. समजा ती तीस मायक्रॉन खोल आहे, म्हणजे एका मिलिमीटरचा तेहतिसावा भाग. बीअर आंबवणाऱ्या यीस्टची एक पेशी पाच ते दहा मायक्रॉनची. बीअर नासवून आंबट करणारा लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू तर जेमतेम एक मायक्रॉन जाडीचा. आपल्याला धड न दिसणारी ती रेघ त्याच्या अंगाच्या तीसपट खोल आहे. तिथे स्पंज पोचत नाही, बोट पोचत नाही. बीअरमधली प्रथिनं आणि साखर त्या खाचेत अडकून राहते, जिवाणू त्यावर जगतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. वरून कितीही जंतुनाशक ओता, त्याची ताकद त्या आवरणाच्या वरच्या थरातच संपते. खालचे जिवाणू शांतपणे पुढच्या खेपेची वाट पाहतात.

ही पुढची खेप म्हणजे काय असतं, तेही पाहण्यासारखं आहे. मी इथे ब्रिटनमधल्या घरगुती बीअरबद्दल लिहिते आहे, कारण हा छंद तिथे खऱ्या अर्थाने घरोघरी पोचला. १८८० पासून तिथे घरी बीअर बनवायलाही परवाना लागत असे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि लोकांच्या स्वयंपाकघरात, जिन्याखालच्या कोनाड्यात, गॅरेजमध्ये बादल्या दिसू लागल्या. (अमेरिकेला त्यासाठी १९७८ उजाडावं लागलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने तिथे केंद्रीय कायद्यातली आडकाठी दूर झाली, तरी मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं २०१३ पर्यंत अडून होती.) ब्रिटनमध्ये एका खेपेचं ठरलेलं माप चाळीस पाइंटचं, म्हणजे तेवीस लिटरच्या आसपास. मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा हॉप्सची फुलं घालून उकळायचा, गार करायचा, भांड्यात ओतायचा आणि वर यीस्टची पुडी सोडायची. अकरा ग्रॅमच्या त्या पुडीत साठ-सत्तर अब्ज तरी जिवंत पेशी असतात. पृथ्वीवरच्या माणसांच्या कितीतरी पट जीव एका चिमुकल्या पुडीतून त्या काढ्यावर भुरभुरले जातात.

तेवीस लिटर काढ्यात साधारण अडीच किलो ऐवज विरघळलेला असतो. त्यातली दीड किलोहून थोडी जास्त साखर यीस्ट खाऊन टाकतं. त्यातून लिटरभर अल्कोहोल तयार होतं आणि पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. वायूचं वजन सांगितलं की अंदाज येत नाही, पण हाच वायू मोकळा मोजला तर तो चारशे लिटर भरतो. तेवीस लिटर द्रवातून चारशे लिटर वायू! तो सगळा झाकणावरच्या बोटभर एअरलॉकमधून, पाण्याच्या थेंबभर अडसराला ढकलत, बुडबुड्या-बुडबुड्याने बाहेर पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाकणाला कान लावला तर आत बारीक सळसळ ऐकू येते. बादली हाताला खोलीपेक्षा उबदार लागते, कारण साखर मोडताना उष्णता सुटते. ती सगळी आतच कोंडली गेली असती तर बीअर दहाएक अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या अंगातून बाहेर जाते. काढ्यावर जाड, मळकट पांढरा फेस चढतो आणि चार-पाच दिवसांत खाली बसतो. बादलीच्या कडेला तपकिरी कडं तेवढं उरतं.

आता एक छोटा हिशेब. तीस सेंटीमीटर रुंदीच्या बादलीत तेवीस लिटर काढा भरला तर दर लिटरमागे सुमारे १६५ चौरस सेंटीमीटर भिंत आणि तळ त्याला लागतो. कारखान्यातली एक लाख लिटरची, चार मीटर रुंद आणि आठ मीटर उंच टाकी घेतली तर हाच आकडा अकरा-बाराच्या घरात येतो. म्हणजे घरच्या बीअरचा प्रत्येक लिटर कारखान्यातल्या बीअरपेक्षा चौदा-पंधरा पट जास्त भिंतीला भिडलेला असतो. भांडं कशाचं आहे आणि त्याचं आतलं अंग कसं आहे, याची फिकीर कारखानदारापेक्षा घरच्या माणसाने जास्त करायला हवी, ती यामुळेच. हा हिशेब मांडून पाहिल्यावर ओरखड्याबद्दलची घरच्या बीअरवाल्यांची काळजी मला अवास्तव वाटेनाशी झाली.

पण याच ओरखड्याची एक दुसरी बाजू आहे, पाच हजार वर्षांहून जुनी.

पश्चिम इराणमधल्या झॅग्रोस डोंगरांत गोदिन टेपे नावाचं ठिकाण आहे. टोरांटोच्या रॉयल ओंटारियो म्युझियमने तिथे उत्खनन केलं. तिथल्या मातीच्या काही रांजणांच्या आतल्या बाजूला मुद्दाम कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा होत्या. रांजण बाहेरून सजवला तर समजू शकतं, पण कुणाला दिसणार नाही अशा जागी आतून कशाला कुणी रेघा ओढेल? त्या खाचांमध्ये फिकट पिवळा थर साचलेला होता. रुडॉल्फ मिशेल, पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि व्हर्जिनिया बॅडलर यांनी तो खरवडून तपासला, तेव्हा त्यात ऑक्झलेट सापडलं. १९९२ साली त्यांनी ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. सातूमधलं ऑक्झॅलिक आम्ल आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की कॅल्शियम ऑक्झलेटचा खडबडीत थर भांड्याला धरतो. बीअर बनवणारे त्याला बीअरस्टोन म्हणतात. आजच्या स्टीलच्या टाकीलाही तो धरतो. त्या काळच्या मेसोपोटेमियातल्या चित्रलिपीत बीअरसाठी जी खूण आहे, तीही आतून रेघा असलेल्या रांजणाची. गोदिन टेपेचे रांजण ख्रिस्तपूर्व चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातले. बीअरच्या रासायनिक पुराव्यांत हा फार जुना पुरावा मानला जातो.

त्या रेघा गाळ धरून ठेवण्यासाठी असाव्यात, असा संशोधकांचा तर्क आहे. ज्या ओरखड्यात काही साचतं म्हणून आज ब्रिटनमधला माणूस बादली टाकून देतो, तसाच ओरखडा इराणमधल्या कुणीतरी ओल्या मातीत जाणूनबुजून ओढला होता, आणि त्यात साचलेल्या चिमूटभर पिवळ्या थरामुळेच आज आपल्याला कळतं की तिथे बीअर बनत होती. मला या एका गोष्टीने फार दिवस झपाटलं होतं. भांड्याने काही धरून ठेवावं की सगळं सोडून द्यावं, हा प्रश्न आंबवणाऱ्या माणसाला कधीच सुटलेला नाही. भांडं निवडताना खरं तर आपण त्याचंच उत्तर देत असतो.

बराच मोठा काळ लोकांना भांड्याने धरून ठेवलेलंच हवं होतं, कारण यीस्ट हा एक जीव आहे हेच ठाऊक नव्हतं. मातीच्या मडक्यात वर्षानुवर्षं दही लावणाऱ्या घरात विरजण चुकून संपलं तरी मडकं धकवून नेतं, तशीच बीअर बनवतानाही भांड्यावर भिस्त असे. नॉर्वेच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांनी तर यीस्ट साठवायला खास लाकडी वस्तू घडवल्या. एकमेकांत अडकवलेल्या लाकडाच्या छोट्या तुकड्यांची मोठी माळ, नाहीतर भोकं पाडलेला ओंडका. बीअर आंबत असताना तो यीस्टमध्ये बुडवायचा, वाळवायचा आणि टांगून ठेवायचा. पुढच्या खेपेला तोच काढ्यात सोडायचा. कोरड्या फटींमध्ये ते यीस्ट महिनोन्महिने, कधी वर्षं जिवंत राहायचं. या यीस्टला तिथे क्वाइक म्हणतात. लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेजियन अभ्यासकाने गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरून ही परंपरा लिहून काढली, तेव्हा कुठे जगाला तिची ओळख झाली. साधारण यीस्ट वीस अंशांच्या आसपास खूश असतं, त्यावर गेलं की बीअरला उग्र वास मारतो. क्वाइक मात्र पस्तीस ते चाळीस अंशांनाही स्वच्छ चवीची बीअर देतं. फटी असलेल्या लाकडाने पिढ्यान् पिढ्या जपलेलं हे धन आज प्रयोगशाळांमधून पुडीत भरून जगभर जातं.

लाकडाच्या पिंपात आणखी एक बिऱ्हाडकरू असतो, ब्रेटानोमायसेस. हेही यीस्टच, पण सावकाश काम करणारं, लाकडात काही मिलिमीटर आतपर्यंत शिरून राहणारं. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत नील्स ह्येल्टे क्लाउसेन यांनी ते इंग्लंडच्या मुरवलेल्या बीअरमधून वेगळं काढलं. इंग्लंडच्या लोकांना आपल्या जुन्या बीअरची जी खास चव आवडत होती, ती या पिंपातल्या भाडेकरूची करामत होती. ब्रुसेल्समधल्या काँतियाँ या ब्रूअरीत आजही लाम्बिक नावाची बीअर अशाच पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. तिथे पिंप बदलणं म्हणजे एक अख्खी वस्ती उठवणं, त्यामुळे बदल अगदी जपून केले जातात.

उलटा प्रवास सुरू झाला तोही कार्ल्सबर्गमधूनच. तिथली बीअर बिघडू लागली होती. एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी दाखवून दिलं की भांड्यात चांगल्या यीस्टबरोबर नको असलेलं रानटी यीस्टही वाढतं आहे. त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि १८८३ साली कार्ल्सबर्गने ते वापरायला सुरुवात केली. त्या दिवसापासून भांड्याचं काम बदललं. यीस्ट पुडीतून किंवा बाटलीतून येणार असेल, तर भांड्याने काहीही धरून ठेवता कामा नये. आजचा घरगुती बीअरवाला बादलीकडून मागतो ते हेच.

मग कोणतं भांडं हे सगळ्यात चांगलं करतं?

सगळ्यात जास्त खपणारी बादली एचडीपीई या प्लास्टिकची असते, तळाशी त्रिकोणात दोनचा आकडा असलेली. पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये अपघाताने लागला आणि त्याचा हा घट्ट प्रकार कार्ल त्सिग्लर यांनी १९५३ मध्ये शोधला. हे प्लास्टिक हलकं, स्वस्त, पडलं तरी न फुटणारं असतं. पण ते मऊ असतं, म्हणून ओरखडे धरतं. आणि वास तर विलक्षण धरतं. अमेरिकेत पुष्कळ जण हॉटेलांमधून लोणच्याच्या रिकाम्या बादल्या फुकट आणतात. कितीही धुतल्या तरी त्यातून काकडीच्या लोणच्याचा वास जात नाही. वासाचे रेणू प्लास्टिकच्या अंगात मुरलेले असतात, पृष्ठभागावर नसतातच, मग धुऊन काय जाणार? लवंग-दालचिनी घातलेली नाताळची बीअर एकदा केली की पुढच्या दोन-तीन खेपांना लवंग डोकावते, ती त्यामुळेच.

याच प्लास्टिकच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की ती पहिल्यांदा वाचल्यावर मला खरीच वाटली नव्हती. आत चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर रेटतो आहे. अशा वेळी बाहेरचा ऑक्सिजन भिंतीतून आत शिरूच शकणार नाही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो शिरतो. प्रत्येक वायू भिंतीतून जाताना फक्त स्वतःचाच दाब पाहतो. बाहेरच्या हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन, आत जवळजवळ शून्य. त्याला एवढंच कळतं आणि तो रेणू-रेणूने आत येत राहतो. त्याच भिंतीतून कार्बन डायऑक्साइड उलट्या दिशेने बाहेर जात असतो. दोघे एकमेकांना हटकतही नाहीत. एअरलॉकमधल्या पाण्यातूनही हेच चाललेलं असतं.

म्हणून घाबरायचं का? दोन आठवड्यांत बाटलीत भरायची बीअर असेल तर मुळीच नाही. यीस्ट जोमात असताना आत येणारा ऑक्सिजन ते स्वतःच वापरून टाकतं. पण सहा महिने मुरवायची बीअर प्लास्टिकच्या बादलीत ठेवली तर ती हळूहळू ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते. पाण्याच्या बाटल्यांना वापरतात त्या पेट प्लास्टिकमधून ऑक्सिजन एचडीपीईच्या कितीतरी पट कमी जातो, त्यामुळे पेटचे मोठे पारदर्शक बुधले हा मधला मार्ग झाला. पण त्यांचं तोंड अरुंद असतं. हात आत जात नाही, ब्रश घालावा लागतो, आणि ब्रश आला की ओरखडा आलाच.

काचेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. अमेरिकेतल्या जुन्या छांदिष्टांचं काचेच्या बुधल्यावर फार प्रेम. काच ऑक्सिजन आत येऊ देत नाही, वास धरत नाही, तिच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. शिवाय आतली सगळी उलथापालथ डोळ्यांना दिसते, आणि ती खरोखर तासन् तास बघत बसावी अशी असते. पण तेवीस लिटर भरलेला काचेचा बुधला तीस किलोच्या आसपास जातो, त्यावर साबणाचे ओले हात, खाली फरशी. गरम पाणी ओतल्यावर तो तडकतोही. हातापायांच्या शिरा आणि स्नायुबंध कापले गेल्याच्या जखमा या छंदात सुपरिचित आहेत. छंदासाठी हाताचा पंजा पणाला लावू नये. चार-पाच लिटरच्या छोट्या खेपेला काच ठीक, त्यापुढे नको. आणि घेतलीच तर ती अंधारात ठेवा. सूर्यप्रकाशात हॉप्समधल्या कडू द्रव्यांचे तुकडे होतात आणि त्यातून एक गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा जरी तो असला तरी आपलं नाक त्याची घाण ओळखतं. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

आणि स्टील. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं. त्यात क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा थर बसतो, अवघा काही नॅनोमीटर जाडीचा. एका केसाच्या जाडीत असे वीस हजार थर मावतील. आपण ज्याला चकचकीत स्टील म्हणतो ते खरं तर या अदृश्य थराखाली झाकलेलं असतं, आपला हात त्या धातूला कधी लागतच नाही. आणि त्या थरावर ओरखडा उठला, तर उघडं पडलेलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन जागच्या जागी नवा थर तयार करतं. खाच राहते, पण ती गंजत नाही. मुळात स्टील एवढं कठीण की खाच पडणंच मुश्कील. वास मुरत नाही, वायू आरपार जात नाही. क्लोरीन असलेलं ब्लीच तेवढं त्याला चालत नाही. क्लोराइड तो थर फोडतं आणि स्टीलला बारीक भोकं पडतात. बीअरस्टोन धरला तर फॉस्फोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतो, नुसत्या सोड्याने तो हलत नाही.

स्टीलची भांडी पाहायला गेलं की निमुळत्या बुडाची टाकी मोहात पाडते. पुण्याच्या मायक्रोब्रूअरींमध्ये ज्या टाक्या काचेमागे उभ्या दिसतात, त्यांचीच ही छोटी आवृत्ती. डूलाली या मायक्रोब्रूअरीने २००९ मध्ये पुण्यात सुरुवात केल्यापासून अशा टाक्या मराठी माणसाच्याही ओळखीच्या झाल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेओपोल्ड नाथान या तंत्रज्ञाने तशा टाकीचा आराखडा मांडला. थकलेलं यीस्ट शंकूत घसरून जमतं आणि खालच्या तोटीतून काढून टाकता येतं. कारखान्यात या आकाराने बीअरची चवसुद्धा बदलते. दहा मीटर उंच द्रवाच्या तळाशी एका वातावरणाइतका जादा दाब असतो. तिथे जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो आणि यीस्ट फळांसारख्या वासाचे पदार्थ कमी बनवतं. घरच्या भांड्यात द्रवाची उंची हातभरसुद्धा नसते. तेव्हा महागडी शंकूची टाकी घेतल्याने चव कारखान्यासारखी होईल, या भरवशावर कुणी पैसे घालवू नयेत. गाळ सोयीने काढता येतो, एवढाच तिचा फायदा.

आकाराचं खरं नवल बघायचं तर यॉर्कशरला जावं. टॅडकॅस्टर गावात सॅम्युअल स्मिथची १७५८ सालची ब्रूअरी आहे. तिथे बीअर अजूनही पाटीच्या दगडाच्या चौकोनी हौदांत आंबते. हौदावर दगडाचाच पोटमाळा असतो आणि मधोमध माणूस उतरेल एवढं भोक. फेसाबरोबर यीस्ट त्या भोकातून वर येतं, माळ्यावर पसरतं, बीअर निथळून पुन्हा खाली जाते, यीस्ट वर राहतं. ते गोळा करून पुढच्या खेपेला वापरतात. आता विचार करा, पिढ्यान् पिढ्या पुढच्या खेपेला कोण जाणार? वर चढून माळ्यावर चिकटून राहणाऱ्या पेशी. ज्या खाली बसल्या, त्यांचा वंश तिथेच खुंटला. हौदाच्या आकाराने आपल्याला हवं तसं यीस्ट निवडून घडवलं आहे. शंकूच्या टाकीत नेमकी उलट निवड होते, कारण तिथे यीस्ट तळातून काढतात. जुन्या ब्रूअरींनी हौद मोडून टाक्या बसवल्या तेव्हा त्यांचं यीस्टही टाकीसारखं होऊ लागलं. भांडं जीव घडवतं, हे मला इतक्या उघड रूपात आणखी कुठे दिसलेलं नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार इथे परवान्याशिवाय घरी बीअर बनवता येत नाही. हा सल्ला आहे तो ब्रिटन-अमेरिकेत किंवा जिथे कायदा मुभा देतो तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी, आणि कुतूहल म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांसाठी.

तर बादली बदलायची आहे आणि पैसे बेताचे आहेत, तर नवी एचडीपीईचीच घ्या, अन्नासाठी योग्य असं लिहिलेली. तेवीस लिटरच्या खेपेला तीस लिटरची, कारण फेसाला जागा लागते. तोंड रुंद हवं, कोपरापर्यंत हात आत जायला हवा. हा निकष मी बाकी सगळ्याच्या वर ठेवीन. तोटी असलेली बादली सोयीची, पण तोटीच्या आट्यांमध्ये ओरखड्याहून जास्त घाण बसते, म्हणून ती दर खेपेला सुटी करून धुवावी लागेल. तेवढी चिकाटी नसेल तर बिनतोटीची घ्या आणि नळीने बीअर काढा. वर्षानुवर्षं हा छंद करणार अशी खात्री पटली की रुंद तोंडाचं, सपाट बुडाचं साधं स्टीलचं भांडं घ्या. ते तुमच्या मुलांनाही पुरेल.

जुनी बादली खरंच बाद झाली का, हे तपासायचं असेल तर ती कोरडी करून झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाकण उघडताच वास घ्या. मग खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. समोरून न दिसणाऱ्या रेघा तिरप्या प्रकाशात उजळून निघतात. वास किंवा रेघा सापडल्या तर तिच्यात माल्ट साठवा, पण बीअर आंबवू नका. हट्टच असेल तर तिला आंबट बीअरची बादली म्हणून कायमची वेगळी काढा, तिथे लॅक्टोबॅसिलसचं स्वागतच आहे.

नव्या बादलीला मात्र आतून घासणी कधीच लावू नका. खेप संपली की लगेच धुवा, कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी कडं आपोआप सुटलेलं असतं, आणि उरलंसुरलं मऊ फडक्याने निघतं.